सहा दहाचा दुसरा अहवाल

प्रिय खटपट्या,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी, आणि त्यातली 'मी बरा आहे, काळजी नसावी' ही ओळ गेल्या नऊ वर्षांतल्या प्रत्येक कार्डावर आहेच. शिक्का करून घेतलास की काय? अरे, बहीण आहे मी तुझी, वीजबिलाची कचेरी नव्हे. ते असो. आज बोलायची पाळी माझी आहे आणि मी भरपूर लिहिणार आहे. आधी चहा करून घे आणि बसून वाच, उभ्या उभ्या नको. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून पहिल्याच पानावर सांगते. या पत्रात एक गोष्ट आहे, आणि ती कळल्यावर तू मला ताई म्हणशील की नाही याची मला खात्री नाही. तीच लिहायला बसले आहे आणि तिच्यापाशीच हात अडतोय. म्हणून थोडं इकडचं लिहिते, हात मोकळा होऊ दे.

घर आहे तसंच आहे. मागच्या खोलीत माझा रेडिओचा सेट, टेबलावर हवामानाचा पडदा, गच्चीवर खांब, खांबाच्या टोकाला वाऱ्याच्या त्या तीन वाट्या गरगर फिरतात. आता गुडघे कुरकुरतात, पण रोज संध्याकाळी साडेपाचला मी जिना चढते, वाट्यांना बोट लावून एक गिरकी देते आणि खाली येते. समोरच्या शिंपीणबाई म्हणतात, वाऱ्याला कुरवाळल्याशिवाय हिला चहा जात नाही. म्हणोत बापड्या. नंतर सहा दहाला माझ्या कॉलसाइननं, म्हणजे रेडिओवरच्या माझ्या नावानं, तापमान, हवेचा दाब, वारा आणि पाऊस असे चार आकडे रेडिओवरून आपोआप जातात. मग मी तेच आवाजात वाचते, कारण तळ्यावरच्या माणसांनी पडद्यावरचे आकडे कुठे बघायचे? सव्वासहाला मास्तर सगळ्या हौशी रेडिओवाल्यांची हजेरी घेतात. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण हजेरीची खोड जात नाही. मी तरी काय वेगळी? शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं पोरांना एकच घोकायला लावलं, आधी आकडा, मग मत. पोरं मला 'आकडेबाई' म्हणायची आणि मला वाटायचं, कौतुकानं म्हणतात.

महिन्यापूर्वी छप्पर गळायला लागलं म्हणून फुटकी कौलं बदलून घेतली. माळ्यावर भर दुपारीही अंधार असतो, तेव्हा कौलंवाल्याला म्हटलं, एक काचेचं बसव, जरा उजेड येऊ दे. त्यानं बसवलं. त्याच संध्याकाळी हजेरीत मास्तरांनी मला छेडलं. म्हणाले, ताई, तुमचा सहा दहाचा अहवाल आज दोनदा आला, आणि दोन्हींत आकडे वेगळे, तुमच्या घरात दोन ऋतू चालू आहेत का? सगळे हसले, मीही हसले. सेट बंद करून पडद्यावर मागचे अहवाल काढून बघितले. खरंच दोन होते, दोन्ही माझ्याच कॉलसाइनचे. पहिला त्या दिवसाचा. दुसऱ्यात तापमान सत्तावीस पूर्णांक चार, दाब एक हजार तीन पूर्णांक आठ, वारा शून्य, पाऊस शून्य.

वही उघडायची गरजच पडली नाही. ते आकडे माझे पाठ आहेत. तुझी बायको, तुझी ती नर्स, तळ्यात बुडाली त्या नऊ वर्षांपूर्वीच्या संध्याकाळचा तो अहवाल होता, जसाच्या तसा.

घाबरवायला नाही लिहीत आहे रे. मी स्वतः घाबरले ते खूप नंतर. पहिल्या दिवशी मला राग आला. वाटलं, कुणीतरी टवाळखोर माझं नाव वापरून खेळ करतोय. दुसऱ्या दिवशी सहा दहाला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग मी तुझा तो हातातला दिशा शोधायचा अँटेना काढला. आठवतं, लपवलेला सेट शोधायच्या शर्यतीत तू दर वेळी मला हरवायचास आणि वर घरभर नाचायचास? फरक इतकाच, की हा सेट दिवसातून दोन सेकंद बोलायचा, म्हणजे एका दिवसाला एकच दिशा मिळणार. चौथ्या दिवशी मी पावाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर उभी राहिले. अँटेनानं तळ्याकडे नाही, आमच्या गल्लीकडे बोट दाखवलं. पाचव्या दिवशी मुद्दाम धक्क्यावर गेले. पाण्याच्या बाजूनं काहीच नाही, पाठ फिरवली तर आवाज. सहाव्या दिवशी माझ्याच दारात उभी राहून अँटेना फिरवत होते, शिंपीणबाई डोळे वटारून बघत होत्या, आणि सहा दहाला अँटेनानं सरळ वर दाखवलं, माझ्याच छपराकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

माळ्यावर गेले. काचेच्या कौलातून उन्हाची एक तिरपी पट्टी आत आली होती आणि ती बरोबर हवामानाच्या आपल्या जुन्या पेटीवर पडली होती. तीच पेटी, तू मला वाढदिवसाला बनवून दिलेली, वर हाताएवढी सौरपट्टी बसवलेली. नऊ वर्षांपूर्वी, त्या संध्याकाळच्या दुसऱ्याच दिवशी, ती उतरवून मी नवीन आणली होती, सगळ्यांना सांगितलं, जुनी कुरकुर करायला लागली. खटपट्या, मी तिथेच धुळीत बसले आणि एकटीच खो खो हसले. किती साधं होतं ते. ऊन पडतं, पेटी जागी होते, पोटात राहिलेला शेवटचा अहवाल ओकते आणि पुन्हा झोपते. खाली येऊन मास्तरांना कळवलं, भूत सापडलं, उद्यापासून एकच ऋतू.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी खाली आणली, टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि उघडली. आतली बॅटरी फुटून हिरवी पडली होती. तिच्या पाण्यानं खालची सर्किटची पट्टी खाल्ली होती, बोट लावलं तर भुगा झाला. आणि अँटेनाची तार नव्हतीच. ती मीच कापली होती, पेटी उतरवताना, पक्कडीनं, माझ्या हातांनी. तार नसलेला सेट धक्क्यापर्यंत बोलत नाही, हे तुला मी काय सांगू? तो या खोलीतून त्या खोलीतही बोलत नाही. तरी मनाची समजूत म्हणून पेटी पत्र्याच्या ट्रंकेत घातली आणि वर कुलूप ठोकलं. संध्याकाळी वाट्यांना गिरकी देऊन खाली आले, ती सहा दहापर्यंत खुर्चीवरून उठले नाही. सहा दहाला माझा अहवाल गेला. दोन सेकंदांनी दुसरा आला. हजेरीत मास्तर म्हणाले, ताई, भूत अजून आहे हो. या वेळी कुणी हसलं नाही.

त्या दिवशी दाब तोच होता, वारा शून्य, पाऊस शून्य. तापमान मात्र सव्वीस पूर्णांक चार होतं.

पुढच्या दिवशी पंचवीस पूर्णांक चार. मग चोवीस पूर्णांक चार. रोज बरोबर एक अंश खाली. बाहेर उकाड्यानं जीव नकोसा झालेला, माझा स्वतःचा अहवाल तेहतीस-चौतीस दाखवतोय, आणि हा दुसरा दिवसेंदिवस गारठत चाललाय. मास्तरांनी विचारलं, बर्फाच्या लादीवर ठेवलाय का सेट?  मी आलेख काढायला लागले, सवयच तशी. आलेखाच्या कागदावर रोज एक टिंब, आणि टिंबं जोडली की पट्टीनं आखावी तशी सरळ रेघ खाली जाते. कुठे जाते ते कळत नव्हतं. रात्रीची झोप गेली नाही, खोटं कशाला बोलू, पण संध्याकाळ नकोशी झाली.  एकदा सेटची वायर भिंतीतून काढली, तर मास्तरांचा फोन आला, तुमचा पहिला अहवाल नाही आला आज, दुसरा मात्र आलाय.

गेले चार दिवस रेघ थांबली आहे. अकरा पूर्णांक चारवर. काल कपाट उपसून तिच्या बुडण्याच्या चौकशीच्या कागदाची नक्कल काढली, ती तुलाही पाठवली होती, तू न वाचता परत केलीस. तिसऱ्या पानावर पाणबुड्याचं निवेदन आहे. तिला शोधायला तो उतरला तेव्हा त्यानं लिहिलं होतं की वरचं पाणी कोमट होतं, पण तळाशी अकरा अंशांच्या आसपास, हात बधिर झाले म्हणून दोनदा वर यावं लागलं. ती ओळ वाचली आणि आलेखाचा कागद शेजारी ठेवला. रेघ तळ्याच्या तळाशी जाऊन थांबली होती.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. ताई, कसला तरी बिघाड असेल. असेलही. तीस वर्षं आकड्यांत घालवलेली बाई मी, भित्यापाठी ब्रह्मराक्षस हे मीच पोरांना ऐकवायचे. पण बिघाड काय असतो ते मला कळतं, आणि हा बिघाड नाही. कोण पाठवतंय, कसं पाठवतंय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. का पाठवतंय, त्याचं आहे.

त्या अहवालात एक आकडा खोटा आहे. वारा शून्य. त्या दिवशी दुपारी मी गच्चीवरच्या खांबाला रंग देत होते. वाट्या फिरत होत्या, ब्रश धरू देईनात, म्हणून सुतळीनं करकचून बांधून टाकल्या. रंग झाला, डबा घेऊन खाली आले, हात धुतले, चहा घेतला. सुतळी तशीच राहिली. सहा दहाला टेबलाशी बसले तेव्हा पडद्यावर वारा शून्य. रंगाच्या वासानं डोकं दुखत होतं म्हणून खिडकी लावलेली होती, आणि खटपट्या, ती खिडकी खडखडत होती. खडखडाटानं वाचायला व्यत्यय येत होता म्हणून मी कागदाची घडी केली आणि फटीत कोंबली. बाहेर नाही बघितलं. दाब तीन तासांत भराभर उतरला होता, तोही दिसत होता. पण वाऱ्याचा आकडा समोर होता ना! आधी आकडा, मग मत. मी माइकचं बटण दाबलं आणि माझ्या त्या ठसठशीत आवाजात वाचलं, वारा नाही, तळं शांत.

तुझ्या स्वयंपाकघरातल्या छोट्या रेडिओवर तिनं ते ऐकलं. तिकडे पलीकडच्या काठावर एक बाई अडली होती, निरोप आलेला. ती हसत म्हणायची ना, ताईंचं 'शांत' कानावर पडल्याशिवाय मी बोटीत पाय ठेवत नाही. तिच्या अंगणाला झाडांचा आडोसा, तिथे वारा कळत नाही. धक्क्यावर कळला असेल तिला. पण माझ्या शब्दापुढे तिनं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. साडेसहाला ती निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सगळे पाण्यावर होतात तेव्हा मी गच्चीवर गेले आणि सुतळी बघितली. कात्रीनं कापली, चुलीत घातली. मग वही घेऊन त्या संध्याकाळच्या ओळीपुढे लिहिलं की साडेसहानंतर वारा अचानक सुटला. चौकशीला मी तीच वही दाखवली. कुणी शंका घेतली नाही. आकडेबाईची वही, तिच्यावर शंका कोण घेणार?

वारा अचानक सुटला, हे सगळ्यांनी मान्य केलं, पण एवढ्यानं भागेना. ती पट्टीची नाव हाकणारी, असल्या वाऱ्यात दहादा गेलेली, तरी बुडाली कशी? मग कुणीतरी म्हणालं, इंजिन बंद पडलं असेल. त्याच आठवड्यात तू ते पूर्ण खोलून बसवलं होतंस. बंद पडलं, बोट आडवी झाली, लाट आत आली. बघता बघता धक्क्यावर तेच खरं झालं, चौकशीत तेच लिहिलं गेलं, आणि सगळ्यांच्या आधी तूच ते खरं मानलंस. कारखान्याला कुलूप लावलंस. ज्याला नुसतं कान लावून इंजिनचं दुखणं कळायचं, तो माझा भाऊ आज गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या डकवतो. पहिल्या वर्षी तू मला फोन करायचास आणि विचारायचास, ताई, चौथा स्क्रू मी आवळला होता का गं? पहिले तीन आठवतात, चौथा आठवत नाही. मी म्हणायचे, विसर आता. नंतर तू विचारणं सोडलंस, पण मोजणं सोडलं नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी भ्याले. तू गेलास तर माझं दुसरं कुणी नाही, म्हणून तुला त्या स्क्रूपाशी बसवून ठेवलं मी. यापेक्षा वाईट काही मी आयुष्यात केलेलं नाही, आणि याला क्षमा मागायचं तोंडही मला नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहिलं ते. पंपहाउसचा म्हातारा राखणदार गेला. कौलंवाल्यानंच मला ती बातमी दिली, छपरावरून, काचेचं कौल बसवता बसवता. सकाळी गेला म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी तो दुसरा अहवाल सुरू झाला. तो म्हातारा त्या संध्याकाळी पलीकडच्या काठावर उभा होता. तिचे दिवस झाल्यावर तो माझ्याकडे आला होता, चौकशीवाल्यांकडे जायला बिचकत होता, म्हणाला तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा त्यांना. त्यानं बोट दिसेनाशी होताना बघितली होती आणि शेवटपर्यंत इंजिनचा आवाज ऐकला होता. एकसारखा, दमदार. बोट उलटल्यावर पंखा पाण्याबाहेर आला तसा तो आवाज क्षणभर चढला, आणि मगच थांबला. मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, मी सांगते, तुम्ही नका त्रास करून घेऊ. आणि मी कुणालाही सांगितलं नाही. इंजिन चांगलं होतं म्हटल्यावर सगळ्यांनी वाऱ्याबद्दल विचारलं असतं. तो होता तोवर हे माहीत असलेली दोन माणसं होती. आता मी एकटी आहे, वय झालंय, छातीत मधूनच दुखतं, आणि मी गेले तर तू मरेपर्यंत स्क्रू मोजत बसशील. हे पत्र मी स्वतः टपालात टाकणार आहे. तुला पोचायला तीन दिवस लागतील. चौथ्या दिवशी सहा दहाला मी माइकवर हे सगळं वाचणार आहे, सुतळीपासून राखणदारापर्यंत, तळ्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. पण आधी तुला कळायला हवं होतं. तू ये किंवा येऊ नकोस, शिव्या दे, पत्र फाडून टाक, ते सगळं तुझं. फक्त फाडण्याआधी एवढं एक वाक्य मोठ्यानं वाच, तुझ्या स्वतःच्या कानांना ऐकू जाईल असं. तू बसवलेलं इंजिन शेवटपर्यंत चालू होतं.

तू काहीही म्हणालास तरी तुझीच,
ताई